मुकुट लेकीला, किल्ल्या बापाकडे

शनिवारी पुलाउ उबीन बेटावर जायची कल्पना माझी. कारण थोडं लबाडीचं होतं. ईशाचा, म्हणजे माझ्या सोळा वर्षांच्या लेकीचा, शाळेचा निकाल लागला होता आणि पुढच्या कॉलेजसाठी पसंतीक्रमाचा फॉर्म सोमवारपर्यंत भरायचा होता. तिला इतिहास हवा, मला सायन्स. "निर्णय तुझा," असं मी तिला दहादा सांगितलं होतं. आणि तिच्या लॉगिनने गुपचूप माझ्या पसंतीची यादी भरून सेव्हही केली होती. बँकेत रिस्क सांभाळणाऱ्या माणसाला रिकामा फॉर्म बघवत नाही.

बेडोकच्या घरून चांगी व्हिलेजला बसने पोचलो. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, नासी लेमाक हा नारळाच्या दुधातला भात खाऊन घ्या, बेटावर पर्याय कमी आहेत. धक्क्यावर बमबोट, म्हणजे छोटी मोटरबोट, मिळते. तिला वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की सुटते. भाडं रोख द्यायचं, सुटे ठेवा.

"आज लीडर तू," मी ईशाला म्हणालो. आम्ही दोघंच होतो आणि बोट भरायला अजून दहा जण हवे होते. वेळ घालवायला विचारलं, हल्ली काय वाचतेस?

"इंग्लंडचा दुसरा हेन्री. बाराव्या शतकातला. बाबा, त्याची फॅमिली म्हणजे फुल ड्रामा, लाह! त्याने जिवंतपणीच थोरल्या मुलाला मुकुट घातला. किंग म्हणून. पण राज्य काहीच दिलं नाही. किल्ले, पैसा, सगळं स्वतःकडे."

"मग?"

"मुलं उठली त्याच्यावर. आईसुद्धा मुलांच्या बाजूने. त्याने राणीला कित्येक वर्षं कैदेत ठेवलं."

"कृतघ्न कार्टी," मी म्हणालो.

बेटावर उतरताच सायकली भाड्याने मिळतात. ब्रेक तपासून घ्या, उतार फसवे आहेत. ईशाने आधीच ओहोटीची वेळ बघून ठेवली होती. बेटाच्या टोकाला चेक जावा हा किनारा आहे, तिथे पाणी हटलं की वाळूवर खेकडे, स्टारफिश दिसतात, म्हणून आधी तिकडे जाऊ, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, इथली जुनी खाण वाटेवरच आहे, दहा मिनिटांचं काम. नकाशा माझ्या मोबाइलमध्ये होता, त्यामुळे चर्चा तिथेच संपली.

दगडाची जुनी खाण आता हिरव्या पाण्याचं तळं झाली आहे, बघण्यासारखी आहे. पण ती वाटेवर नव्हती. मग मी एक 'शॉर्टकट' शोधला, तो एका बंद फाटकाशी संपला. धापा टाकत चेक जावाला पोचलो तेव्हा लाकडी पुलाखाली नुसतं पाणी. वाळू गेली, खेकडे गेले. सॉरी म्हणायचं सोडून मी झाडावरचा हॉर्नबिल पक्षी दाखवायला लागलो.

"बाबा, तुला सांगू तो राजा कसा मेला?" ईशा कठड्याला टेकून म्हणाली. "आजारी होता, लढाई हरला होता. उलटलेल्या लोकांची लिस्ट त्याने मागवली. पहिलंच नाव धाकट्या मुलाचं. सगळ्यात लाडक्या." मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "माझा फॉर्म तू भरलायस ना? परवा लॉगिन केलं तेव्हा दिसला. आय वॉज वेटिंग फॉर यू टू टेल मी."

मला खरंच लाज वाटली. दोन दिवस हे मनात ठेवून आज ती माझ्यासोबत हिंडत होती, आणि मी तिला लीडर म्हणत होतो. "हो," एवढंच बोललो.

उबीनला जाणार असाल तर ओहोटीची वेळ बघून जा, आणि ती ज्याने बघितली असेल त्याचं ऐका.

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला, तिच्यासमोर यादीतली एकेक ओळ खोडली आणि उठायला लागलो.

"बस ना," ईशा म्हणाली. "फक्त कीबोर्डला हात लावायचा नाही."

मी हाताची घडी घालून बसलो. तिने पहिली ओळ भरली. ती माझ्या यादीत कुठेच नव्हती. माझा हात एकदा सुटला, मी तो परत काखेत दाबला. ईशाने ते पाहिलं आणि दुसरी ओळ भरायला घेतली.