गल्लीची पारख

वडिलांनी नगरमध्ये खोली शोधायला सुरुवात केली, तेव्हा पाणी, उजेड, शेजारपाजार हे सगळं नंतरचं होतं. आधी त्यांना वस्ती जोखायची होती. दिवेलागणीला ते एखाद्या गल्लीत शिरायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच चालायचे आणि परत फिरायचे. मी बरोबर असायची. गल्लीतल्या कुणी ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारलं नाही, तर ती गल्ली बाद. वाळत घातलेली लुगडी अंधार पडायच्या आत घाईघाईने ओढून घेतली जात असतील, तर तीही बाद. नळावर बायका भांडताना दिसल्या की मात्र त्यांना बरं वाटायचं. भांडणाऱ्या बायका एकमेकींना ओळखतात, असं ते म्हणायचे, आणि ओळख असते तिथे चोर शिरायला कचरतो. माझे पाय भरून यायचे, पण कुरकुर करायची सोय नव्हती, कारण ही सगळी पायपीट माझ्याच शाळेसाठी चालली होती.

आमचं गाव शिंगणापूर. तिथल्या घरांना चौकटी असतात, दारं नसतात. कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री चौकटीला ताटी टेकवायची, एवढाच काय तो बंदोबस्त. शनीच्या गावात चोरी होत नाही, आणि कुणी केलीच तर त्याला शीव ओलांडता येत नाही, त्याचे डोळे जातात, त्याच्या घरातलं माणूस जातं, असं आम्ही पाळण्यापासून ऐकत आलो होतो. अशा गावच्या माणसाला नगरला काम मिळालं ते गोदामावर राखणदाराचं. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. गावातले लोक त्यावरून त्यांची टिंगल करायचे आणि तेही हसून घ्यायचे. पण त्या कामाने त्यांचा स्वभाव पालटला हे मी बघत होते. दिवसरात्र कुलपं ओढून बघणाऱ्या माणसाला पुढे पुढे जो तो चोर दिसायला लागतो.

गोदाम शहराबाहेर होतं आणि मालकाला राखणदार कायम तिथेच हवा होता. वडील संध्याकाळी जेवायला तेवढे घरी येणार आणि लगेच परत जाणार. म्हणजे खोलीत आई आणि मी, दोघीच. गावातली शाळा सातवीला संपत होती आणि मला मुलींच्या हायस्कुलात आठवीत घातलं होतं. वडिलांनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं की वस्तीत काही कमीजास्त झालं, घरातली साधी वाटी जरी गेली, तरी पोरीचं दप्तर गुंडाळायचं आणि दोघींनी गावी चालतं व्हायचं. गावी गेले की शाळा संपली आणि पाठोपाठ लग्न, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. माझ्या बरोबरीच्या मुली एकामागून एक मांडवात उभ्या राहत होत्या. त्यामुळे त्या गल्लीची अब्रू जणू माझ्या गळ्यात बांधलेली होती.

गल्ली अखेर मिळाली ती वेशीच्या आत. कोपऱ्यावरच्या एका म्हातारीने वडिलांना जाताना हटकलं, येताना हटकलं, आणि तरीही समाधान झालं नाही म्हणून मागोमाग येऊन आमचं गाव कोणतं, जात कोणती, आलो कशाला हे सगळं काढून घेतलं. मला तिचा राग आला. वडील मात्र इतके खूश झाले की खोली नीट न बघताच त्यांनी ती ठरवून टाकली.

आईची अडचण निराळी होती. तिचं माहेरही शिंगणापुरातलंच, तिने जन्मात कधी दार लावलं नव्हतं. कडी कोयंड्यात बसवताना तिचं बोट चेमटायचं आणि ती त्या कडीला शिव्या घालायची. रात्री वडिलांचा हुकूम म्हणून ती दार लावायची. दिवसा मात्र दार सताड उघडं आणि चौकटीला गोणपाटाचा पडदा. मी एकदा म्हटलं, आई, लोक काय म्हणतील, तर म्हणाली, “समोर बाई बसलीया आन् तिच्या तोंडावर कडी घालू? तिला चोर म्हनल्यावानी न्हाई का ते?”

समोरची ती बाई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. तिच्या खोलीत उजेड कमी, म्हणून ती आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागली. तिचा नवरा आधी हातमागावर होता. छातीच्या दुखण्याने आता घरीच पडून असायचा, आणि त्याचा खोकला आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. पदरात दोन लहान लेकरं होती. आई तिच्याशी दिवसभर बोलायची आणि बोलायला तिच्याजवळ होतं काय, तर गाव आणि गावचा देव. अमक्याने कडबा चोरला आणि आंधळा झाला, तमक्याने विहिरीवरचा दोर नेला आणि त्याचं पोर गेलं, अशा गोष्टी ती माहेरचं कौतुक सांगावं तशी सांगायची. ती बाई हात न थांबवता ऐकायची आणि हसायची. तुमचा देव आमच्या गल्लीत आणा ना ताई, असं एकदा तिने चिडवलं, आणि आईनेही तोंडाला पदर लावून हसून घेतलं. शहरात आल्यापासून ती इतकी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती.

ते साल दुष्काळाचं होतं. गावाकडची माणसं खडी फोडायला गेली होती. नगरमध्ये नळाला करंगळीएवढी धार यायची आणि रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. तांबटाच्या दुकानांत मात्र गर्दी असायची, कारण जो तो घरातली भांडी मोडीत घालत होता. आमच्याकडे माहेरून आलेला आईचा तांब्याचा हंडा होता. पाणी नसलं तरी तो रोज चिंचेने घासला जायचा. वडील संध्याकाळी आले की त्याच हंड्यातलं पाणी मागायचे. गोदामावरच्या टाकीचं पाणी त्यांना मचूळ लागायचं.

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. आई नेहमीसारखं दार उघडं टाकून रेशनच्या रांगेत गेली होती, मी शाळेत. मी घरी आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती आणि हंड्याच्या जागी तिवई रिकामी होती. तिवईखालची जमीन ओली नव्हती. हंड्यातलं पाणी घागरीत ओतलेलं होतं, घागर भरल्यावर पातेल्यात, आणि उरलेलं तांब्यात. तांब्यावर पेला पालथा घातलेला होता, आम्ही घालतो तसाच. नेणाऱ्याने आमच्या तोंडचं पाणी सांडू दिलं नव्हतं. पेला कुठे असतो हेही त्याला ठाऊक होतं.

मी समोर बघितलं. दार लोटलेलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी ओरडणार तोच आईने माझं तोंड दाबलं.

“चोरी म्हनायचं न्हाई,” ती म्हणाली. “तोंडातून शबुद गेला की लागतं. तिची लेकरं बारकी हायती.”

मला तेव्हा तिच्या लेकरांचं काही पडलेलं नव्हतं. मला माझी शाळा दिसत होती. आता वडील येणार, पाणी मागणार, आणि सकाळच्या एसटीने आम्ही दोघी गावी. मी रडत बसले आणि आई नुसती तिवईकडे बघत राहिली. मध्येच उठून तिने तिवई कोपऱ्यात उभी करून ठेवली, मग परत काढून होती तिथेच मांडली.

वडील आले. हातपाय धुवायच्या आधीच त्यांची नजर तिथे गेली. कुलपं तपासणारी नजर ती, तिच्यातून काय सुटणार. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पागोटं परत डोक्यावर ठेवलं आणि मला म्हणाले, “दप्तर बांध.”

“चोरी न्हाई झाली,” आई म्हणाली. “म्या दिलाय.”

वडिलांनी कुणाला म्हणून विचारलं. आईने गोणपाट बाजूला सारलं. समोरचं दार आता उघडं होतं आणि ती बाई तिच्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसली होती. गल्लीतल्या आणखी दोघीतिघी बाहेर होत्या. आईचा आवाज एरवी घराबाहेर जात नसे. त्या दिवशी तो सगळ्या गल्लीने ऐकला.

“हिला दिलाय. हिच्या घरात दुखनं हाय. हंडा माझ्या माहेरचा, म्या दिला. तुमाला इचारायचं राहिलं.”

वडिलांनी त्या बाईकडे बघितलं. तिचे हात थांबले होते. मान वर न करता ती म्हणाली, हो, ताईंनी दिला.

वडील संतापले, पण त्यांचा संताप आता आईवर होता. न विचारता माहेरचा हंडा देऊन टाकणारी बायको त्यांना कळेना. ताटावरून ते लवकर उठले. निघताना चपला घालता घालता म्हणाले की गल्ली चांगली आहे, आपल्याच घरात येडं माणूस आहे. माझं दप्तर जागच्या जागी राहिलं आणि मला एवढं हायसं वाटलं की पुढचं काही सुचलंच नाही.

आईचा हिशेब साधा होता. दिलेली वस्तू चोरीची होत नाही, मग देवाचा त्यात संबंध येत नाही. माझी शाळा वाचली आणि समोरची लेकरंही वाचली. तिला वाटलं, उद्या ती बाई सूप घेऊन येईल, चार शब्द बोलेल, की संपलं. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही आणि नंतरही आली नाही. ती आतल्या अंधारात विड्या वळायला लागली आणि तिचं दार लोटलेलं राहू लागलं. नळावर भेटली तर मान फिरवायची. आई मिलोच्या दोन भाकरी तिच्या उंबऱ्यावर ठेवून यायची, त्या संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर परत आलेल्या असायच्या. ज्याच्या घरातून हंडा गेला त्याने मनधरणी करावी आणि नेणाऱ्याने रुसावं, हे मला अजब वाटायचं. आता वाटत नाही. सगळ्या गल्लीसमोर दान घेतल्याचं कबूल करायला लावलं होतं आईने तिला, आणि खरं काय ते त्या दोघींनाही माहीत होतं.

शिमग्याच्या आसपास तिचा नवरा गेला. सकाळी खोकला ऐकू आला नाही आणि थोड्या वेळाने रडणं ऐकू आलं. दुखणं जुनं होतं, माणूस जाणार हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण आईच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. सुतक फिटल्यावर ती तिच्याकडे गेली, मला सोबत घेऊन. त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एका कोपऱ्यात सूप पालथं पडलं होतं आणि लेकरं मिलोची भाकरी पाण्यात कुस्करून खात होती.

आई तिच्यासमोर बसली. मग तिचा हात धरून म्हणाली, “बाई, म्या दिला व्हता. म्या देवाला तसंच सांगितलंय.”

त्या बाईने हात सोडवून घेतला. आवाजात राग नव्हता, रागाएवढंही बळ तिच्यात उरलं नसावं.

“तुम्ही नव्हता दिला, ताई. मी नेला होता. तुमच्या देवाला सगळं कळतं, तुम्हीच सांगायच्या ना.”

आई उठली आणि तिथून बाहेर पडली. देव कुणाला मारत नाही, दुखण्याने मारलं, हे मी तिला घरी येऊन नाना परीने सांगितलं. हायस्कुलात विज्ञान शिकत होते मी, मला मोठा गर्व होता त्याचा. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली की देवाच्या त्या गोष्टी त्या बाईला सांगायला नको होत्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले. भर दुपार होती. चौकटीवर गोणपाट नव्हतं. दार बंद होतं. कुलूप नव्हतं, आतून कडी होती. मला आधी वाटलं, दार अडकलंय. मी ढकललं, मग वाजवलं. आतून आईने विचारलं, “कोन हाय?”

स्वतःच्या घराबाहेर उभं राहून मला सांगावं लागलं की मी आहे.

समोरची बाई काही दिवसांनी लेकरं घेऊन माहेरी निघून गेली, पण त्यानंतरही आईने ते दार दिवसा कधी उघडं ठेवलं नाही. मी मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, आम्ही ती गल्लीही सोडली. आई गावी गेली तरी तिला बिनदाराच्या घरात झोप लागेना. ताटीला आतून पाटा टेकवून ठेवायची, आणि कुणी विचारलं तर कुत्र्यांचं नाव सांगायची.

दाराला दिवसा पहिल्यांदा कडी लागली त्याच दिवशी संध्याकाळी वडील जेवायला आले. त्यांनाही कडी वाजवावी लागली. आईने कोण म्हणून विचारलं, त्यांनी सांगितलं, मग तिने दार उघडलं. आत येऊन त्यांनी कडी परत घातली, ओढून बघितली आणि त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला.

“आता कुठं तुला शहरात राह्यला आलं,” ते म्हणाले, आणि आईने पान वाढायला घेतलं.