बादशाची जोडी

पेडगावचा ग्यानबा मेंढरांच्या बाबतीत लय हुशार आणि माणसांच्या बाबतीत निव्वळ भोळसट. वर पुन्हा राग नाकावर. त्याची मेंढरं रातभर ज्याच्या वावरात बसायची, त्या वावराला लेंडीखत मिळायचं आणि ग्यानबाला रातीमागं पायलीभर जवारी. हंगामात अशा चाळीस राती. त्याच जवारीवर त्याची बायको बानूबाई घर चालवायची.

पंच्याऐंशी साली, पाडव्याच्या दुपारी, व्यंकटरावानं पारावर तीन पत्ती मांडली. गावातला सगळ्यात मोठा जमीनवाला आणि तसलाच माजोरडा.

"ग्यान्या, पैसा तर तुझ्याकडं न्हाई. राती लाव, हरलास तर मेंढरं माझ्या वावरात फुकट बसव. मी पायल्या लावतो. का बायकोला इचारून येतो?"

चारचौघं हसली. ग्यानबाला झोंबलं, बसला.

त्यानं पानं उचलून बघितली. दोन बादशा अन् एक नव्वी! बाकीच्यांनी पानं टाकून दिली. व्यंकटरावानं मात्र आपल्या पानांना हातसुद्धा लावला न्हाई. तशीच उपडी ठेवून एक पायली लावली. न बघता खेळणाऱ्यापुढं बघणाऱ्यानं दुप्पट लावायची, आणि वर त्याला पानं दाखवा म्हणायची सोय न्हाई. कुण्या मेल्यानं केला असेल हा कायदा!

ग्यानबानं दोन राती लावल्या. व्यंकटरावानं दोन पायल्या, त्यानं चार राती. मग चार, त्याच्या आठ. तिथंच उठायचं की नाही? पण हातात बादशाची जोडी, आणि समोर हा पान खात बसलेला. आठाला त्यानं सोळा लावल्या. तीस राती गेल्या.

"अजून आठ," व्यंकटराव म्हणाला.

पुन्हा सोळा पाहिजेत, राहिल्या दहा. ग्यानबाला पुढं खेळताच येईना. त्यानं बादशा खाली टाकले.

"मालक, तुमची पानं तरी दाखवा."

"कशाला? मीच न्हाई बघितली." व्यंकटरावानं आपली तीन पानं न उलटताच गड्डीत मिसळली.

"दाखवा म्हणतो ना!" ग्यानबानं त्याचं मनगट धरलं. दोघांनी ओढून त्याला मागं घेतलं. अंगाची नुसती आग आग व्हायलती.

व्यंकटराव शांतपणे पानं पिसायलता. "दहा हायेत की अजून. बसतो का?"

बानूबाईची राहिलेली जवारी तेवढीच. आणि ग्यानबा, काय म्हणावं या माणसाला, दात खात पुन्हा खाली बसला.