जोनबाईंची टी-बॅग

नाशिकच्या घराला कुलूप लावून किल्ली शेजारी दिली, तेव्हाच मला शंका आली होती की निखिल मला परत पाठवणार नाही. माझी बायको सुधा जाऊन वर्ष झालं होतं. दोन्ही वेळचा चहा मी कोपऱ्यावरच्या टपरीवर घेत होतो आणि रात्री दूध-पोळीवर भागवत होतो. एकट्यासाठी गॅस कशाला पेटवायचा? वजन चांगलंच उतरलं आणि मुलाने दुबईचं तिकीट पाठवलं.

त्याचं घर जुमेरा लेक टॉवर्समध्ये, एकविसाव्या मजल्यावर. पहिल्या संध्याकाळी खाली तळ्याकाठी आम्ही करक (डब्यातलं आटीव दूध आणि वेलची घातलेला कडक चहा) प्यायलो. ओठ चिकटावेत इतका गोड. तिथेच निखिलने विषय काढला.

"बाबा, रिटर्न तिकीट कॅन्सल करू. व्हिसाचं मी बघतो. तुम्ही तिथे एकटे मॅनेज करत नाही आहात."

"बघू," मी म्हणालो. मला राग आला, कारण तो खरं बोलत होता.

सकाळी मुलगा-सून ऑफिसला जात, नात इरा शाळेत. लिफ्टमध्ये ओळख झाली ती शेजारच्या जोनबाईंशी. साठीच्या, इंग्लंडमधल्या, इथल्या एका शाळेत शिकवणाऱ्या. माझ्या बँकेतल्या इंग्रजीवर आमचं बरं जमलं. त्यांनी मला चार वाजता चहाला बोलावलं.

मगात एक टी-बॅग, वर उकळतं पाणी, घड्याळाकडे बघत चार मिनिटं, मग बॅग बाहेर आणि चमचाभर दूध. "बिल्डर्स टी (गवंडी पितात तसा कडक)," बाई अभिमानाने म्हणाल्या. आमच्याकडे असला 'कडक' चहा आजाऱ्याला देतात. मी मुकाट प्यायलो. निघताना त्यांनी बॅगांचा एक डबाही दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना उलट आमंत्रण दिलं. पातेल्यात आलं किसून टाकलं आणि कात्रीने सहा बॅगा कापायला घेतल्या.

"आजोबा, यू डोन्ट कट दॅट," इरा म्हणाली.

"मग काय पिशवी उकळायची?"

ती भुकटी इतकी बारीक की गाळणीतून थेट कपात. जोनबाईंनी ओट्यावरच्या रिकाम्या पिशव्यांकडे दोनदा पाहिलं, पण कप संपवला. "हे जेवण झालं," त्या ओठाला लागलेली भुकटी पुसत म्हणाल्या.

त्यांना शिल्लक बॅगांचा डबा परत द्यायला मी गुरुवारी न सांगताच गेलो. चार वाजून गेले होते. टेबलावर इस्त्री केलेलं कापड, बशीत दोन बिस्किटं, एक मग.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं.

"मी आलेय ना, शाळेतून."

त्यांचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. सुरुवातीला त्या स्वयंपाकघरात उभ्यानेच काहीतरी घशाखाली ढकलत. "मग एकदा हातात ही बॅग होती," त्या म्हणाल्या. "वाटलं, बनवणाऱ्यांनी एका माणसाचं माप करून ठेवलंय, म्हणजे एका माणसाने बसून प्यायला हरकत नसावी."

आपल्याकडे आधण ठेवायचं ते कोणी आलं तर म्हणून कपभर जास्तच. एका माणसाचा चहा आपल्याला येतच नाही. वर्षभर मी स्वतःला गॅस पेटवण्याच्याही लायकीचा समजलो नव्हतो, याची त्या नीटनेटक्या टेबलापाशी फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, सगळे गेल्यावर, मी माझ्यापुरते पोहे केले आणि ताट मांडून बसून खाल्ले. संध्याकाळी निखिलला म्हटलं, "मला नाशिकला तीन महिने राहून बघू दे. दर रविवारी वजन कळवीन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तू म्हणशील तसं."

"ओके," तो म्हणाला, "पण खोटं नाही सांगायचं, बाबा."

टी-बॅगच्या चवीबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. तो चहा मला फिकाच वाटतो. पण त्या चिमुकल्या पिशवीला एकटेपणाचा संकोच नाही, हा तिचा गुण मी मानतो. नाशिकला परतल्यापासून मी आपली साधी पावडर, आलं घालून, बरोबर एक कप उकळतो. पहिल्या आठवड्यात दोनदा अंदाज चुकून जास्त झाला, तो मी ओतून दिला.

काल चारच्या सुमारास निखिलचा फोन आला.

"बाबा, कपबशीचा आवाज येतोय. कोण आलंय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "माझा चहा निवतोय. अर्ध्या तासाने कर."