मोगऱ्याच्या मातृरोपाची लूट

बागकाम गटातील मंडळी, आज दुपारी अमिरातीतल्या अल ऐनच्या आमच्या अंगणात जे घडले, त्याचा संताप अजून शमलेला नाही.

कलमांसाठी मी मोगऱ्याचे एक मातृरोप जपतो. जोर फांद्यांत राहावा म्हणून त्याच्या कळ्या खुडतो, इथले खारे पाणी टाळून एसीतून ठिबकणारे पाणी घालतो आणि स्वच्छ कात्रीने मोजक्याच फांद्या घेतो.

शेजारच्या सुलभावहिनींनी भर उन्हात सगळ्या फांद्या हाताने ओरबाडून नेल्या.

"वहिनी, मागितली असती तर रुजलेली कलमे दिली असती!"

"अहो भाऊजी, मागितलेलं कुठे रुजतं? चोरलेलंच रुजतं!"

आता रोपावर एकही पान नाही. ते जगेल, असे मला वाटत नाही.

चोरलेले रुजते म्हणणाऱ्यांनो, ज्या रोपाचे चोरले ते जगले का, हे कधी परत जाऊन पाहिलेत?