साडूची धुण्याची खोली

मास्तरांना साडूचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं झाकपाक करायला नको. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे मास्तर. पुढं दुकान, मागं जुनं घर आणि गळ्यात सदानकदा टेप. अंघोळीला जाताना काय ती खुंटीवर जायची, तेवढीच. साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचे केस अजून काळे होते, त्याची स्कूटर पहिल्या किकला चालू व्हायची आणि त्याच्या कमरेला स्टीलची टेप अडकवलेली असायची, जी बोट दाबलं की सुर्रकन आत जायची. मास्तरांना ती सुर्रकनसुद्धा बघवत नसे.

पण हे सगळं किरकोळ. खरी ठिणगी पडली ती बायको बहिणीकडे जाऊन आली त्या दिवशी. चप्पल काढता काढताच सुरू झाली.

"अहो, धुण्याची खोली केलीय त्यांनी! धुण्याचं मशीन दगडी ओट्याखाली अगदी चपखल. वर कपड्यांच्या घड्या घालायला जागा, खाली पाण्याचा टिपूस नाही. गवंडी नाही, सुतार नाही, सगळं घरच्या घरी. काय हात आहे हो त्यांचा!"

मास्तर काजं करत होते. सुई बोटात गेली. सुईचं काही नाही, रोजचीच. पण 'काय हात आहे' हे शब्द आत गेले ते निघेचनात. लग्न झाल्यापासून या बाईचा एकूण एक कपडा त्यांनी शिवला होता. ती घालायची, आरशात एकदा इकडून तिकडून बघायची आणि म्हणायची, "बरा बसलाय." बरा! आणि साडूनं चार फरश्या काय चिकटवल्या, लगेच हात!

"आपणही करू," मास्तर म्हणाले.

"कोण करणार?"

"मी."

बायको हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. ती नुसती "बरं" म्हणून चहा टाकायला गेली.

आता त्यांच्या घरचं धुण्याचं काय होतं ते ऐका. स्वयंपाकघरामागं एक अंधारी खोली. तिच्यात कधीकाळचा सिमेंटचा हौद, शेवाळलेला. मशीन मात्र जायच्या यायच्या वाटेत उभं, कारण खोलीत ते मावेना. कपडे पिळायला लागलं की ते थडथडत पुढं सरकायचं, आणि बायको त्याला कंबर लावून उभी राहायची. कितीतरी वर्षं ती अशी उभी होती. मास्तरांना हे रोज दिसत होतं, पण साडूनं खोली केल्यावर कळलं.

एका सुट्टीच्या दिवशी ते साडूकडे गेले. "सहजच आलो," म्हणाले. मग हात धुवायचं निमित्त करून त्या खोलीत शिरले, दार लोटलं आणि टेप काढून ओट्यापासून नळापर्यंत सगळं मोजलं. सांध्यांवरून बोट फिरवलं, कुठं उंच-सखल लागतंय का ते बघितलं. नव्हतं हो! एक खोट निघाली असती तर मास्तर सुखानं जेवले असते. बाहेर आले तेव्हा साडूनं मोठ्या आशेनं विचारलं, "कशी वाटली?"

"बरी आहे," मास्तर म्हणाले.

मग घरात जे सुरू झालं ते विचारू नका. हौद फोडला. धुरळा दुकानात गेला, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर बसला, तो पुन्हा धुवावा लागला. मास्तरांच्या तळहाताला फोड आले. जमिनीला उतार दिला, पाणी ओतून बघितलं, ते मोरीकडे जायच्याऐवजी दारात येऊन थांबलं. फोडा पुन्हा. दुसऱ्या खेपेला पाणी निमूटपणे मोरीत गेलं, तेव्हा मास्तर तिथंच उकिडवे बसून बराच वेळ तांब्या तांब्या पाणी ओतत राहिले. दगडवाल्याला ओट्याची आणि त्याच्या उभ्या पायांची मापं दिली. मशीनची उंची वाटेत उभ्या असलेल्या मशीनवरच टेप लावून घेतली, वर अर्धं बोट मोकळं धरलं. साडूचं चपखल, तर आपलं त्याहून चपखल.

पाय आले, ओटा आला, शेजाऱ्याच्या मदतीनं चढवला, सिमेंटनं बसवला. बायको म्हणाली, "एकदा मशीन घालून तरी बघा."

"आधी नाही. रविवारी ते दोघं येतील तेव्हाच."

गिऱ्हाइकाला ट्रायल दिल्याशिवाय कधी कपडा हातावेगळा न करणारा माणूस! पण हेव्याला ट्रायल घ्यायला सवड कुठं असते.

रविवारी साडू आणि मेहुणी आले. साडूनं खोली पाहिली, उतार पाहिला, मान हलवली. मास्तरांची छाती फुगली. त्यांनी मशीन वाटेतून ढकलत आणलं, ओट्यासमोर सरळ केलं आणि सगळ्यांकडे एकवार बघून आत सरकवलं.

ठक्.

मशीनचं डोकं ओट्याच्या कडेला आपटलं. पुन्हा ढकललं. पुन्हा ठक्. उंची कमी करायला मास्तर खाली वाकून मशीनचे पाय आत फिरवायला गेले. ते आधीच फिरवलेले होते.

"मी मापलंय," ते म्हणाले. "दोनदा मापलंय!"

साडूनं कमरेची टेप काढली. मशीन मोजलं. मग मास्तरांच्या गळ्यातली टेप मागितली आणि दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी पसरल्या. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणली गेली होती. तिची इंचांची घरं स्टीलच्या टेपच्या घरांपेक्षा लांब झाली होती. ओट्याच्या टोकाला पोचेपर्यंत चांगला बोटभर फरक. मास्तरांनी ताणल्या टेपनं मशीन कमी मोजलं, आणि दगडवाल्यानं त्याच आकड्याचे पाय आपल्या नीट टेपनं बिनचूक कापले.

साडू हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. "साडूभाऊ, फेकून द्या ही आता!"

"खबरदार फेकाल तर!" बायकोचा आवाज एवढा चढला की मेहुणी दचकली. "त्याच टेपनं अंग मोजलं आणि त्याच टेपनं कापड कापलं. आजवर माझा एक कपडा उसवावा लागला नाही. कुठल्या दुकानातला आणा, असा बसून दाखवा!"

मास्तरांनी हेच ऐकायला एवढा दगड फोडला होता. पण आत साचलेलं बाहेर पडलंच. "मग त्या दिवशी हात कुणाचा म्हणालीस? यांचा! माझा नाही म्हणालीस कधी!"

बायकोनं कपाळावर हात मारला.

"अहो, मी तिथं गेले तर हे बिचारे खोली दाखवत उभे. हिच्या तोंडाकडे बघतायत, आणि ही आपली मशीनमधले धुतलेले कपडे काढतेय, एक अक्षर बोलेना. कुणी बोलायला नको का? मग मीच बोलले. तिथं बोलले ते तोंडात बसलं, घरी आल्यावरही तेच निघालं."

"माझ्या लक्षात नाही आलं गं ताई," मेहुणी पुटपुटली.

साडूनं टेप मिटायला घेतली. या वेळी ती सुर्रकन गेली नाही. त्यानं हातानं हळूहळू आत सारली. इतके दिवस त्याला एकच शाबासकी मिळाली होती, आणि तीही दयेपोटी होती हे आत्ता चारचौघांत कळलं. मास्तरांना खरं तर उकळ्या फुटायला हव्या होत्या. फुटल्या नाहीत. बसवलेल्या कपड्याला नुसतं 'बरा' ऐकून दुकानात परत गेलेला माणूस कसा दिसतो, हे त्यांनी कधी बाहेरून बघितलं नव्हतं.

"ऐका," ते खेकसलेच. गोड बोलणं त्यांना जमतच नसे. "मी हात धुवायला गेलो होतो ना तुमच्याकडे? हात कसले धुतोय. दार लावून तुमची सगळी खोली मापली. सांध्यांत खोट शोधत होतो. एक निघाली नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही."

साडूनं मान वर केली. "खरंच जेवला नाहीत?"

"विचारा हिला."

"ताट तसंच ठेवलं होतं," बायको म्हणाली. "मला वाटलं पोट बिघडलं."

साडूचा चेहरा असा काही उजळला की मास्तरांना पुन्हा थोडा हेवा वाटला. त्यानं बाह्या सारल्या. "छिन्नी आणा. सिमेंट अजून कोवळं आहे. ओटा उचलू, पायांवर फरशीची पट्टी घालू."

दोन साडू दोन टोकांना लागले. "उचला!" म्हटल्यावर दोघांच्याही मानेच्या शिरा फुगल्या, आणि दोघी बहिणींनी घाईघाईनं पट्ट्या आत सरकवल्या. ओटा बसला. मशीन या वेळी विनातक्रार आत गेलं.

बायकोनं ओट्यावरून तळवा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"बरा बसलाय," ती म्हणाली, आणि ती ताणलेली टेप उचलून तिनं मास्तरांच्या गळ्यात घातली.