बाबांना हवं होतं ते पुरं भजन

मित्रांनो, आज सकाळी दिघोरीच्या घरी बाबांची भजनाची पेटी बाहेर काढली. बाबा जाऊन चार महिने झाले.

शेवटच्या आजारपणात ते खाटेवरून रोज म्हणायचे, "एक भजन वाजव ना बापू." मी वाजवायचो, पण एक सूर चुकला की स्वतःवरच चिडायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. तोवर त्यांचा डोळा लागायचा.

आज तीनदा चुकलो, पण थांबलो नाही. कितीतरी वर्षांनी वाजवताना मजा आली.

भजन संपलं तेव्हा आई तांदूळ पाखडायचं सूप हातात घेऊन दाराशी उभी होती. म्हणाली, "चुकलं तं चुकलं. तुह्या बाबाले असंच पुरं ऐकाचं होतं."

स्वतःच्या चुका काढता काढता तुमचंही कोणाला काही ऐकवायचं राहून गेलं का?