माझी कुऱ्हाड आणि अण्णांचा खोकला

आमच्या घरात दोन कुऱ्हाडी आहेत. एकीने लाकडं फुटतात. दुसरी मी केली आहे.

दुसरीला खरं तर टॉमाहॉक म्हणायचं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची ही हलकी हातकुऱ्हाड मी एका व्हिडिओत पाहिली होती. कॉलेजच्या प्रदर्शनाला ‘भंगारातून अवजार’ हा विषय लागला, आणि मी जोशात तिचंच नाव देऊन बसले. (व्हिडिओतला माणूस ती अकरा मिनिटांत करतो. मधले तीन दिवस त्याने कापले असणार, हे मला नंतर कळलं.)

मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजचा कुठलाही कागद आमच्याकडे आधी देव्हाऱ्यात ठेवतात. प्रदर्शनाचा फॉर्मही ठेवला होता. त्यावर एक ओळ होती : ‘ही वस्तू मी स्वतः, कोणाचीही मदत न घेता तयार केली आहे.’

इथेच घोळ झाला. माझे वडील, म्हणजे अण्णा, शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं तापलेलं लोखंड ठोकतात!

“अण्णा, तुम्ही हात लावायचा नाही. बोलायचं पण नाही. नियम आहे.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

“अवो, असं कसं? पोरीला जरा दाखवा की,” आई म्हणाली.

“नियम हाय न्हवं? मग झालं.”

अण्णा शब्दाचे पक्के. त्यांनी रजा काढली, बादली पालथी घातली आणि माझ्यापासून सहा फुटांवर तोंड मिटून बसले. परीक्षेला पेपर काढणारे सरच शेजारच्या बाकावर येऊन बसावेत, तसं मला झालं.

पेठ वडगावच्या भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पोलादी पाटा आणला होता. त्याचे दोन तुकडे केले. जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी केली, रुळाच्या तुकड्याची ऐरण, आणि भात्याऐवजी घरातला टेबलफॅन. फॅन तीनवर टाकला आणि सगळी राख शेजारच्या सर्जेरावकाकांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या लेंग्यावर जाऊन बसली.

“काय करालीस गं?” भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं.

“टॉमाहॉक, काका.”

“म्हंजे?”

“कुऱ्हाडच,” आई म्हणाली.

“आन् कुऱ्हाड कराय कॉलेज लागतंय व्हय?”

मी तापलेला तुकडा चिमट्याने ऐरणीवर धरला, हातोडा उचलला, आणि अण्णा खोकले. धूर लागला असेल म्हणून मी ठोकत राहिले. लोखंड जागचं हललं नाही. पुन्हा तापवलं, या वेळी अगदी पांढरं होऊन ठिणग्या उडेपर्यंत. अण्णा दोनदा खोकले.

दुपारपर्यंत आईला ती भाषा यायला लागली. “एकदा म्हंजे गार हाय, दोनदा म्हंजे जास्त तापलंय. ऐकालीस न्हवं?”

ऐकत होते, हीच तर पंचाईत! खोकला ही मदत धरायची का? फॉर्मवर काहीच खुलासा नव्हता. अर्धा तास विचार करून मी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले.

संध्याकाळी पातं आकाराला आलं. लालभडक केलं आणि ऐटीत पाण्याच्या बादलीत बुडवलं. त्याआधी अण्णा बादलीवरून पडायचे राहिले एवढे खोकले, असं आई सांगते. मला काहीच ऐकू आलं नाही. ‘टिंग’ मात्र कापसातूनही ऐकू आलं. पातं मधोमध चिरलं होतं.

हे पोलाद पाण्यात नव्हे, तेलात विझवायचं असं पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. ते वाक्य मी लाल पेनाने अधोरेखित केलं होतं! आता एकच तुकडा उरला आणि एकच दिवस. मी कानातला कापूस काढला.

दुसऱ्या दिवशी काम सरळ चाललं. (कसं, ते विचारू नका. अण्णांचा घसा बसला होता एवढंच सांगते.) प्रश्न तेलाचा होता. घरात एकच तेल, शेंगतेल. आईने जड मनाने अर्धं पातेलं पुढे केलं. पातं आत गेलं, ‘चर्रर्र’ झालं, जाळ उठला, मी झाकण टाकून तो विझवला, आणि सगळ्या गल्लीत वास सुटला. पाच मिनिटांत सर्जेरावकाका दारात. हातात ताटली!

“वैनी, कांदाभजी का मिरची?”

“कुऱ्हाड तळलीया,” आई म्हणाली.

पण ताटली घेऊन आलेल्या माणसाला परत कसं पाठवणार? आईने उरलेल्या चांगल्या तेलात मिरचीभजी काढली. काकांनी खाल्ली, अण्णांनी सात खाल्ली. तोवर मी ठिसूळपणा जावा म्हणून पातं तव्यावर बेताचं तापवून धार लावली आणि दांडा बसवायला घेतला. तर अण्णांना खोकल्याची जबरदस्त उबळ आली. डोळ्यांतून पाणी!

“अण्णा, मिरची लागली का? पाणी प्या.”

अण्णांनी जोरजोरात मान हलवली आणि आणखी खोकले. काकांनी त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले. मी दांडा ठोकला, अंगणातल्या ओंडक्यासमोर पाय रोवून उभी राहिले आणि कुऱ्हाड डोक्यावरून फिरवली.

दांडा ओंडक्यावर आला. पातं आलं नाही.

ते भिंतीवरून उडून काकांच्या उकिरड्यात गेलं होतं. मी कोपरापर्यंत हात घालून अर्धा तास शोधत होते.

“इंजिनेर व्हायला निघाली आन् शेण चिवडालीया,” काका भजं खात म्हणाले.

पातं सापडलं. धुतलं, पायरीवर बसले आणि रडू येत होतं ते आवरून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. दांड्यासाठी पाडलेलं भोक एका बाजूने रुंद होतं, दुसऱ्या बाजूने अरुंद. दांड्याचं जाड टोक वरच्या बाजूला आलं, तर कुऱ्हाड फिरवाल तसं पातं आणखी घट्ट बसणार. मी दांडा उलटा घातला होता! तो काढून, तासून, वरून घातला. भीतभीत अण्णांकडे पाहिलं. ते खोकले नाहीत. त्यांनी तंबाखूची पुडी काढली आणि उगाच आभाळाकडे बघत राहिले.

प्रदर्शनाला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले. परीक्षकांनी बाभळीच्या ओंडक्यावर तीन घाव घातले. ढलप्या उडाल्या. पातं हललं नाही, धार मोडली नाही.

“शाब्बास! सगळं एकटीने केलंस?”

‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. फॉर्म डोळ्यांसमोर आला, देव्हाऱ्यातल्या कुंकवासकट.

“नाही सर,” मी म्हणाले. “वडील खोकत होते.”

मग मला सगळं सांगावं लागलं. एकदा म्हणजे काय, दोनदा म्हणजे काय. अख्खा हॉल हसत होता. परीक्षकांनी मागे पाहिलं. “काय ओ पावणं, खरं हाय का हे?”

अण्णा उभे राहिले. “व्हय सायेब. चुकलं असंल तर माझं चुकलं. पर दांड्याचं तिचं तिनं काढलं. तवा मी खोकलो बी न्हाई.”

टाळ्या पडल्या. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. आणि पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर ‘तोंडी, लेखी अथवा अन्य कोणत्याही आवाजाने मदत घेतलेली नाही’ असं छापायचं ठरलं, हे माझं कॉलेजला कायमचं योगदान!

घरी येताना गाडीवर अण्णा एकदाचे बोलायला मोकळे झाले. वडगाव येईपर्यंत त्यांनी माझ्या एकोणीस चुका सांगितल्या. सोमवारी मात्र कुऱ्हाड धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून ते कारखान्यात घेऊन गेले. संध्याकाळी परत आले ते हसतच.

“आमच्यातल्या दोघांनी तसली कुऱ्हाड कराय सांगितलीया.”

“माझ्या हातची?”

“तुझ्याच हातची. दुसऱ्या कुणाची नको म्हणत्यात.” अण्णांनी टॉवेलाची नीट घडी घातली. “फकस्त दांडा त्येंचा त्ये बसिवणार.”